अर्धी पेन्शन

थेरगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला की खुणा निळ्या होतात आणि गाडी तिथंच थांबते. म्हणून टपाल. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतला माणूस माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी बैलगाडीचं चाक मागितलं. सुनेला पत्र लिहिणारा सासरा अख्ख्या थेरगावात मी एकटाच असेन.

चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणालीस. जूनमध्ये गेलीस, आता श्रावण अर्ध्यावर आला. परभणीत असं काय आहे ते मला माहीत नाही, मी मूळचा त्याच मुलखातला असलो तरी. भावाच्या घरी किती दिवस राहायचं, याचा अंदाज बाईमाणसाला असतो. घरात थोडं बोलणं झालं, कबूल. मोठी माणसं बोलतात. आपला निरंजन होता तेव्हाही मी बोलायचोच, आणि तो हसून बाहेर जायचा. तू हसली नाहीस, बॅग भरलीस.

रंभाची, तुझ्या सासूची तब्येत सांगतो. साखर आटोक्यात नाही. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यासाठी डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात, ते चुकवायचं नाही म्हणतात. टीव्ही आता ती फक्त ऐकते. माझी कंपनीची पेन्शन किती येते हे तुला ठाऊक आहे. आयुष्यभर मशीनवर उभा राहिलो त्याची ती बिदागी. तिच्यात भाजीपाला होतो आणि उरलेल्यात मी टपरीवर चहा पितो. बाकी सगळं निरंजनमागं तुला मिळते त्यातल्या, तू पाठवतेस त्या अर्ध्या पेन्शनवर. तू न चुकता पाठवतेस, हे मी चारचौघांत सांगतो. खोटं कशाला बोलू.

महिना सरला की माझा मोबाइल वाजतो. रंभा आतून विचारते, "उत्कर्षा का?" मी हो म्हणतो.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा आहे. दरवर्षीसारखा तो इथंच दे, त्यासाठी ये. दोघं मिळून बँकेत जाऊ, येताना तुला आवडते ती भेळ खाऊ. रंभा वाट बघते आहे. ती तसं म्हणत नाही, पण तुझ्या खोलीतला पंखा तिनं दोनदा पुसून घेतला.

तुझा
मामा


थेरगाव
७ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या भावाचा, गणराजचा मात्र फोन आला. आवाज चढवूनच बोलला. म्हणाला, "मामा, दाजींच्या पगारातून इतकी वर्षं कापलेला पैसा गेला कुठं? ताईला एकरकमी काहीच कसं मिळालं न्हाई?" त्याला बहुधा वाटतं, तो पैसा मी गादीखाली घालून झोपतो. फोनवर मी त्याला धड सांगू शकलो नाही, कारण तो ऐकत नव्हता. आता तूच त्याला हे वाचून दाखव.

निरंजन केंद्र सरकारच्या नोकरीत लागला तोवर जुनी पेन्शन नव्या लोकांना बंद झाली होती. त्याच्या वाट्याला नवी योजना आली. दर महिन्याला पगाराचा दहावा हिस्सा कापायचा, सरकारनं आपलाही हिस्सा घालायचा, आणि तो सगळा पैसा बाजारात लावायचा. साठीला जे साठलं असेल त्यातले साठ टक्के हातात घ्या, उरलेल्या चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून पेन्शन विकत घ्या. बाजार चढला तर तुमचं नशीब, पडला तर तेही तुमचंच. निरंजन मोबाइलवर तो आकडा बघायचा आणि म्हणायचा, "बाबा, आज मी म्हातारपणी चार दिवस जास्त जेवणार." असाच बोलायचा तो.

पण हे सगळं साठी गाठणाऱ्यासाठी. नोकरीत असताना माणूस गेला तर दोन वाटा असतात. एक म्हणजे साठलेल्या पैशावर घरच्यांनी हक्क सांगायचा. दुसरी म्हणजे जुन्या नियमानं बायकोनं कुटुंब निवृत्तिवेतन घ्यायचं. मग सरकार आपला हिस्सा वाढीसकट परत घेतं आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा हिस्सा तेवढा घरच्यांना देतं. कुठली वाट धरायची हे कर्मचाऱ्यानं जिवंतपणी लिहून ठेवायचं असतं.

ऑफिसनं लिहून मागितलं ती संध्याकाळ तुला आठवत असेल. तू चहा गाळत होतीस. निरंजननं विचारलं, "बाबा, कुठं खूण करू?" मी म्हणालो, "पेन्शनवर कर. एकरकमी पैशाला पाय फुटतात, पेन्शन मरेपर्यंत दारात येते." तू कप ठेवत म्हणालीस, "मामा, मरायच्या गोष्टी चहाबरोबर नको." तिघंही हसलो. तिशीतल्या माणसाच्या मरणाचा कागद, कोण गंभीरपणे घेणार. पुढच्याच वर्षी चाकणच्या रस्त्यावर त्या कंटेनरनं त्याची गाडी चिरडली.

त्याचा हिस्सा मिळाला तो या घराच्या कर्जात गेला. तूच सही केलीस, मी मागितली नव्हती. ज्या छताखाली बसून मी हे लिहितो आहे, ते त्या पैशाचं आहे. गणराजला एवढं सांग.

मी सांगितलेली वाट चुकली, असं मला आजही वाटत नाही. एकरकमी घेतले असते तर आज त्यातलं काय उरलं असतं? तुला महिन्याच्या महिन्याला येतात, आमचंही भागतं. अट एकच आहे, ती तुलाही ठाऊक आहे. विधवा हयात असेपर्यंत, किंवा तिनं पुन्हा लग्न करेपर्यंत. मारुतरावांना मी बाकावर बसल्या बसल्या विचारलं होतं. या गावचे जुने जमीनवाले, शंभर भाडेकरू बघितलेला माणूस. ते म्हणाले, "आवो, लगीन केलं की पेन्शन बंद. समद्यांना ठावं हाय. त्यात इचारायचं काय?"

खालच्या मजल्यावरचा प्रीतम जिन्यात भेटतो. तुझी चौकशी करतो. बरी आहे म्हणून सांगतो.

तुझा
मामा


थेरगाव
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. उत्कर्षा,

आज प्रीतम सोनं द्यायला वर आला. रंभाच्या पाया पडला. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तिला आता माणूस तसाच कळतो. म्हणाली, "वाळून गेलास की रे. आई जेवाय घालीना का?"

मी मागच्या दोन्ही पत्रांत एका गोष्टीला वळसा घातला. घरात काय बोलणं झालं हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, मग लिहायचं कशाला, असं वाटलं. पण आज त्याला बघितल्यावर हात थांबेना.

जूनमध्ये तो माझ्याकडं आला होता. ताथवड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो, सरळ पोरगा आहे, कधी मोठ्यानं बोललेला मी ऐकला नाही. खाली मान घालून म्हणाला, "काका, उत्कर्षाशी लग्न करायचं म्हणतोय. त्यांना विचारण्याआधी तुम्हाला विचारलं पाहिजे असं वाटलं." आजकाल कोण विचारतं? मला बरं वाटलं, खरंच सांगतो. पण त्याच क्षणी पोराचा चेहरा समोर होता आणि माझ्या डोळ्यापुढं रंभाचं इंजेक्शन.

मी त्याला म्हणालो, विचार करून सांगतो. आणि विचार न करताच तुझ्यापुढं येऊन बसलो. लग्न करू नकोस असं मी तुला म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "निर्णय तुझा. फक्त पेन्शन बंद होईल, तेव्हा तुझ्या सासूच्या डोळ्याचं काय करायचं तेवढं सांग." ज्याला उत्तर नाही असा प्रश्न विचारला की माणसाला हाकलावं लागत नाही, तो आपण होऊन उठतो. तू उठलीस. रंभा मध्येच बोलली, "असं कसं बोलायलाव तुम्ही लेकराला?" मी तिलाही गप्प केलं.

मी वाईट माणूस नाही, उत्कर्षा. म्हातारा आहे आणि घाबरलेला आहे. बायको आंधळी होताना बघणं काय असतं ते तू लांबून समजू शकणार नाहीस.

प्रीतमनं जूनमध्ये आणखीही काही सांगितलं होतं. ते राहू दे.

आपट्याचं पान सोबत ठेवलं आहे. पोचेपर्यंत चुरा होईल.

तुझा
मामा


थेरगाव
१६ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

तू आली नाहीस. गणराजकडून कळलं की तिकडच्याच बँकेत दाखला दिलास. म्हणजे हातावेगळं झालं. मी इथं महिन्याच्या एक तारखेपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, हे कुणाला सांगू.

दरवर्षी मी तुझ्या शेजारी उभा असायचो. बोट टेकवायचं, मग तो पडद्यावरचा प्रश्न, पुनर्विवाह केला आहे का. पहिल्या वर्षी तू पटकन नाही म्हणालीस. गेल्या वर्षी जरा थांबलीस. काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून बघितलं. मीही बघितलं आणि मला कळलं. तरी मी घसा खाकरला. या वर्षी तो प्रश्न तू एकटीनं वाचलास. शेजारी कुणी खाकरायला नव्हतं, तरी उत्तर तेच द्यावं लागलं असेल.

आता ते ओझंही उतरलं म्हण. प्रीतमचं ठरलं. आईच्या हट्टापुढं त्यानं मान तुकवली. मुलगी पिंपळे गुरवची, नाव मोनिका, अठ्ठावीसला लग्न. पत्रिका घेऊन तो स्वतः वर आला. माझ्याकडं बघत नव्हता. म्हणाला, "त्यांचा फोन लागला होता एकदा. त्या म्हणाल्या, माझी वाट बघू नका, माझ्यावर दोन माणसं आहेत."

ती दोन माणसं आम्ही, हे रंभालाही कळलं. ती दिवसभर जेवली नाही.

जे होतं ते बऱ्यासाठी, असं लिहिणार होतो. लिहवत नाही. तू स्वतःला जप. दिवाळीचा फराळ घरी केला नव्हता, विकतचा आणला.

तुझा
मामा


थेरगाव
२९ नोव्हेंबर २०२५

उत्कर्षा,

हे पत्र बसून वाच. जवळ गणराज असेल तर त्याला बाहेर पाठव.

काल प्रीतमचं लग्न झालं. मी गेलो, अक्षता टाकल्या, जेवलोही. आज माझा स्वतःचा दाखला द्यायला बँकेत गेलो. गर्दी होती, म्हाताऱ्यांचा बाजार भरल्यासारखी. माझ्या पुढं एक बाई होत्या, कुसुमताई, बोलक्या. त्यांच्याबरोबर एक तरुण जोडपं होतं. पोरगी त्यांना आई म्हणत होती, पोरगा पाण्याची बाटली उघडून देत होता. मी आपलं सहज विचारलं, लेक-जावई का? बाई म्हणाल्या, "सून आहे. मुलगा माझा पोस्टात होता, गेला. हा तिचा नवरा. जावई म्हणा, मुलगा म्हणा, आम्ही अजून ठरवलं नाही."

मला वाटलं, यांना पेन्शनची गरज नसेल, खाऊनपिऊन सुखी असतील. तरी जीभ राहिली नाही. हळूच विचारलं, मग पेन्शन बंद झाली असेल? त्या माझ्याकडं बघायलाच लागल्या. "का बंद होईल? तिला मूल नाही. मूल नसलेल्या विधवेनं लग्न केलं तरी चालू राहते. तिचं स्वतःचं उत्पन्न ठरल्यापेक्षा जास्त नसलं म्हणजे झालं. सहा महिन्यांनी तसं लिहून द्यायचं, त्यासाठीच आलोय."

माझी पाळी आली तेव्हा मी माझा दाखला विसरलो. काउंटरवरच्या साहेबांना विचारलं. मुलगा केंद्र सरकारात, नोकरीत असताना गेला, सुनेला मूल नाही, बालवाडीत शिकवून मिळायच्या त्या तुटपुंज्या पगारापलीकडं तिला उत्पन्न नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चालू राहते." मी विचारलं, नवीन नियम आहे का? ते म्हणाले, "नाही हो. बरीच वर्षं झाली." आपला निरंजन नोकरीला लागला, त्याच्याही आधीपासून.

मी कधी विचारलंच नाही, उत्कर्षा. तुला राग येईल, पण खरं कारण सांगतो. मला भीती वाटायची. विचारायला गेलो तर साहेब म्हणेल, का हो आजोबा, सुनेचं लग्न काढलंय का? आणि शंकेवरूनच पेन्शन थांबवतील. म्हणून मी बाकावर बसून मारुतरावांना विचारलं, ज्यांनी जन्मात कधी नोकरी केली नाही. आमच्या घरात सरकारी कागद देवासारखा जपायचा आणि देवासारखाच न वाचता ठेवायचा, ही पद्धत. चाळीस वर्षं मी युनियनमध्ये ओरडलो, साहेबाच्या टेबलावर हात आपटला. आणि एका खिडकीवर जाऊन एक साधा प्रश्न विचारायला माझी छाती झाली नाही.

आता ते राहिलेलं सांगतो. जूनमध्ये प्रीतम म्हणाला होता, "पेन्शन थांबली तर थांबू दे, काका. तुम्हा दोघांचं मी बघेन. काकूंचं इंजेक्शन माझ्याकडं लागलं." मी त्याला म्हणालो, आम्ही परक्याच्या जिवावर जगत नाही. आणि तुला यातलं अक्षरही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणजे पेन्शनही राहिली असती, तोही राहिला असता, आणि तू रोज संध्याकाळी एक मजला चढून वर आली असतीस. रंभाला मी हे वाचून दाखवलं. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता कुणाला दाखवायलाव ते? पोराला हळद लागली की काल." तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

माफी मागत नाही. माफीनं काही परत यायचं असतं तर मागितली असती. दोन गोष्टी सांगतो. पुढं कुणी चांगला माणूस दिसला तर माझ्या मरणाची वाट बघू नकोस, पेन्शन तुझी आहे आणि तुझीच राहील. आणि यापुढं अर्धे पैसे पाठवू नकोस. आमचं आम्ही बघू.

दौलतराव


थेरगाव
४ जानेवारी २०२६

चि. उत्कर्षा,

गणराजचा फोन आला. यावेळी आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागला. म्हणाला, "ताईनं पत्र वाचलं. रडली न्हाई, काही न्हाई. घडी घालून ठिवलं. म्हणली, मामांना सांग, पैसे येत राहतील, पत्र पाठवू नका."

तू सांगितलंस म्हणून हे शेवटचं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, आता तीही कशाला ठेवू. दर महिन्याला मोबाइल वाजला की रंभा विचारते, "उत्कर्षा का? काय म्हणायली?" बँकेच्या मेसेजात काय असतं, रक्कम जमा. पण मी तिला सांगायचो, तुझी तब्येत विचारते, गोळ्या वेळेवर घे म्हणते, थंडी पडली, पायात मोजे घाल म्हणते. ती लगेच मोजे घालायची. ती ते तुझे निरोप समजून त्यांच्यावर जगली आहे.

परवा मोबाइल वाजला. नको म्हटलं तरी तू पाठवलेस. महिनाभर न बोललेली रंभा आतून म्हणाली, "उत्कर्षा का?" मी हो म्हणालो. "काय म्हणायली?" या वेळी मी खरं सांगितलं. म्हणालो, काही म्हणत नाही, रंभा. ती कधीच काही म्हणत नव्हती. रंभानं हातानं पाय चाचपले. मग पायातले मोजे काढले आणि उशाशी ठेवले.

तेव्हाच ठरवलं, हे पैसे परत करायचे. काल सकाळी पासबुक आणि कार्ड घेऊन बँकेत निघालो. जिन्यात प्रीतम आणि त्याची बायको भेटली. तिनं वाकून नमस्कार केला. चांगली मुलगी आहे. मी आशीर्वाद दिला आणि रस्त्याला लागलो. डांगे चौकात डाव्या हाताला बँक, उजव्या हाताला डोळ्यांचं हॉस्पिटल. रंभाच्या इंजेक्शनची तारीख आजची होती, पैसे आदल्या दिवशी भरावे लागतात. मी चौकात उभा राहिलो. गाड्या हॉर्न देत होत्या.

मी उजवीकडं वळलो, उत्कर्षा.

तुझा
मामा